लिटल मॉर्टन हॉल : वाकलेल्या वास्तूचे वाचन

इंग्लंडमधील चेशायर परगण्यात, काँगल्टन या गावाच्या नैर्ऋत्येस, खंदकाने वेढलेल्या एका लहानशा बेटावर लिटल मॉर्टन हॉल ही वास्तू उभी आहे. तिचे छायाचित्र प्रथम पाहणाऱ्यास ती कोसळण्याच्या बेतात आहे असे वाटते. वरचा मजला खालच्यावर रेललेला आहे, छपराची रेषा लहरीसारखी वरखाली होते आणि काटकोन असा कोठे आढळतच नाही. पर्यटकांसाठीच्या लेखनात या वाकडेपणाचे वर्णन बहुधा गमतीदार म्हणून केले जाते. तथापि हा वाकडेपणा म्हणजे त्या इमारतीच्या बांधणीचा लिखित पुरावाच आहे. तो कसा वाचावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वास्तूचा सर्वांत जुना भाग सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विल्यम मॉर्टन या जमीनदाराने बांधविला. पुढील पिढ्यांनी सुमारे १६१० पर्यंत त्यात भर घातली. म्हणजे सुमारे शंभर वर्षांच्या या बांधकामामागे कोणताही एकच आराखडा नव्हता. फरसबंद चौकाभोवती गरजेप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे दालने वाढत गेली.

या बांधणीचे तत्त्व समजून घेणे येथे आवश्यक आहे. लाकडी सांगाड्याच्या घरात भिंत भार वाहत नाही. भार वाहतात ते ओक लाकडाचे खांब, तुळया आणि तिरके टेकू. दोन चौकटींमधील अंतर हे रचनेचे एकक असते. आपल्याकडे वाड्याचे मोजमाप खणांत सांगण्याची पद्धत होती, तीच ही कल्पना. चौकटींमधील रिकामी जागा काटक्यांची वीण करून त्यावर चिखलाचा लेप देऊन भरली जाई. कोकणातील कुडाची भिंत ज्याने पाहिली आहे, त्याला याहून अधिक स्पष्टीकरण नको.

सांधा हा या शिल्पाचा गाभा होय. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यातून ओकचीच खुंटी ठोकली जाते. लाकूड ओले असतानाच घडविले जाई, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. चौकट आधी सुताराच्या आवारात जमिनीवर जुळवून पाहत, प्रत्येक सांध्यावर खुणेचे अंक कोरत आणि मग सुटे भाग जागेवर नेऊन उभे करीत. ओले लाकूड पुढे वाळताना आक्रसते आणि पिळते, परंतु खुंटीचा सांधा त्याबरोबर किंचित हलतो आणि तुटत नाही. म्हणून अशा घराचे वाकणे आणि त्याचे टिकणे या दोहोंचे मूळ एकाच गुणात आहे.

दर्शनी भागातील नागमोडी पट्ट्या, शंकरपाळी आकार आणि चौपाकळी नक्षी यांतील पुष्कळसे लाकूड मात्र भार वाहण्यासाठी नाही. इतका ओक केवळ शोभेसाठी खर्च करता येतो, हे शेजाऱ्यांना दाखविण्याचा तो मार्ग होता. काचेचेही तसेच. चौकाकडील दोन मोठ्या बहुकोनी खिडक्या १५५९ मधील असून त्या इतक्या लगत आहेत की त्यांचे माथे एकमेकांस टेकतात. त्यांवर मालक विल्यम मॉर्टन याच्या नावाबरोबर रिचर्ड डेल या सुताराचेही नाव कोरलेले आहे. त्या काळातील किती कारागिरांची नावे आपणास अशी मिळतात?

वाकडेपणाचे मुख्य कारण दक्षिणेकडील इमारतीत सापडते. ती १५६० च्या दशकाच्या आरंभीची. तिच्या माथ्यावर सुमारे ६८ फूट लांबीचे अरुंद दालन चढविण्यात आले. पावसाळी दिवसांत फेरफटका मारण्यासाठी अशी लांब दालने त्या वेळच्या श्रीमंत घरांत प्रतिष्ठेची समजली जात. काम सुरू झाल्यानंतर हा विचार सुचला असावा, असे रचनेवरून दिसते. त्यावर छप्पर घातले ते वालुकाश्माच्या जड फरशांचे. हे ओझे खालच्या मजल्यांना पेलवले नाही आणि ते वाकले. दालनाच्या कमानदार कैच्यांमधील आडव्या तुळया बहुधा सतराव्या शतकात, भिंती बाहेर फाकू नयेत म्हणून, बसविल्या गेल्या.

दालनाच्या दोन टोकांस चुन्याच्या गिलाव्यात नियती आणि दैव यांच्या आकृती आहेत. त्या रॉबर्ट रेकॉर्ड याच्या १५५६ च्या खगोलविषयक ग्रंथातील चित्रांवरून घेतल्या आहेत. समानतेचे चिन्ह रूढ करणारा गणिती तो हाच. दैवाने मॉर्टन घराण्याला फार काळ साथ दिली नाही. यादवी युद्धात त्यांनी राजाचा पक्ष घेतला आणि कर्जबाजारी होऊन पुढे घर कुळांकडे सोपविले. माझ्या मते या दारिद्र्यानेच वास्तू वाचविली, कारण जुने पाडून नव्या धर्तीची विटांची हवेली बांधण्याइतका पैसा मालकांकडे उरला नाही.

१९३८ मध्ये वास्तू नॅशनल ट्रस्टकडे आली. अशा घरांची म्हणून जी काळी-पांढरी रंगसंगती प्रसिद्ध आहे, ती पुष्कळ अंशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातील आवड आहे. ट्रस्टने येथील तो रंग काढून टाकला. उघडा ओक उन्हापावसात रुपेरी करडा होतो आणि आज तो तसाच दिसतो. येथे एक विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही. मूळ स्वरूप जपण्याचा आग्रह रंगाबाबत धरता आला, भाराबाबत नाही. दगडी छप्पर तसेच ठेवावयाचे म्हणून लांब दालनाला पोलादी आधार द्यावा लागला. तो प्रथम एलिझाबेथ मॉर्टन (मृत्यू १९१२) या घराण्यातील ननने बसविला असावा आणि ट्रस्टने पुढे वाढविला. मजले मात्र कोणी सरळ केले नाहीत. तसे करावयाचे तर चारशे वर्षे वाकून स्थिरावलेले सांधे उकलावे लागले असते.