हँडलखालचे छर्रे

जुन्या मोटरसायकलींचे शौकीन जमले की गप्पा इंजिनाच्या होतात, कार्ब्युरेटरच्या होतात. टाकीचा रंग मूळचा की नंतरचा, यावर तर हमरीतुमरीही होते. कोनसेटचं नाव कुणी काढत नाही. हँडलच्या टीचा दांडा फ्रेमच्या ज्या नळीतून जातो, तिच्या वरच्या-खालच्या तोंडाशी बसवलेल्या वाट्या, कोन आणि त्यांच्यामधले सुटे छर्रे, एवढाच तो ऐवज. पण गाडी सरळ चालणार की नाही, हे तोच ठरवतो.

ही रचना सायकलीकडून आली. सुरुवातीची मोटरसायकल म्हणजे इंजिन लावलेली सायकलच होती, त्यामुळे वाटी-कोन-छर्रे हे त्रिकूट तसंच पुढे चालत राहिलं. 1955 पासून मद्रासला जुळणी होऊ लागलेली बुलेट घ्या, नाहीतर 1961 पासून म्हैसूरला बनलेली जावा आणि तिचीच पुढची येझदी. हँडलखाली सुटे छर्रेच. वजन सायकलीच्या कितीतरी पट, आणि वर रस्ते आपले.

बेअरिंगला फिरणं मानवतं. चाकातलं बेअरिंग सतत फिरतं, म्हणून भार सगळ्या छर्ऱ्यांवर आळीपाळीने पडतो आणि ग्रीसही पसरत राहतं. हँडल मात्र बहुतेक वेळ सरळच असतं. खड्ड्याचा प्रत्येक दणका त्याच छर्ऱ्यांमधून वाटीच्या त्याच जागी उतरतो. उभा भार खालच्या जोडीवर, म्हणून आधी तीच जाते. धातूचा कठीणपणा गोळी दाबून मोजायची पद्धत 1900 मध्ये मांडणारे स्वीडनचे अभियंते योहान ब्रिनेल यांच्या नावावरून असे खळगे पडण्याला ब्रिनेलिंग म्हणतात. त्याचा एक तोतयाही आहे. दणका न बसताही नुसत्या थरथरीने ग्रीस बाजूला सरतं, धातूवर धातू घासतो आणि हुबेहूब तशाच खुणा उमटतात. अमेरिकेत रेल्वेने पाठवलेल्या कोऱ्या मोटारींची चाकांची बेअरिंग रस्त्यावर यायच्या आधीच खराब झालेली आढळली होती, ती यामुळेच. पोत्यात गुंडाळून गाडी पार्सलच्या डब्यातून दूरवर पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

तपासणी सोपी आहे. इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करायचं आणि हँडल अगदी हळू फिरवायचं. मध्यावर येताच ते खाचेत बसल्यासारखं अडलं, तर वाट्या गेल्या. मग चाकापाशी दोन्ही शॉकअप धरून मागेपुढे ओढायचे. खटका लागला तर कोन सैल. शॉकअपच्या झिजलेल्या बुशांचा प्लेही असाच भासतो, म्हणून ओढायचं काम दुसऱ्याला द्यावं आणि आपण वाटीच्या सांध्यावर बोट ठेवावं. सैल कोन ब्रेक मारताना टकटक करतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त आवळलेला कोन मात्र पटकन ओळखू येत नाही: कमी वेगात गाडी नागमोडी झुलत राहते आणि टायरला उगाच बोल लागतो. काही जुन्या गाड्यांत हँडलच्या मधोमध डॅम्परची मूठ असते. ती मुख्यतः साइडकार जोडणाऱ्यांची सोय; कोनचा दोष झाकायला ती आवळत बसणाऱ्यांपुढे हात टेकले.

सुटे छर्रे असलेली टी खाली ओढताना खाली परात धरावी, त्यातही लोहचुंबक टाकलेला बरा. वरचे-खालचे छर्रे वेगवेगळे मोजून ठेवायचे. जुनं ग्रीस बहुधा वाळून मेणासारखं तपकिरी झालेलं असतं. सर्व्हिसिंगच्या नावाखाली हँडलच्या सांध्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारला जात असेल, तर गंजाचं पाणीही निघतं. रॉकेलने धुऊन वाटीतून नख फिरवलं की टाकी लावलेल्या जात्यासारखी ओळीने टोचणी लागते. अशा वाटीत नवे छर्रे टाकून ग्रीस भरणं म्हणजे पैसे वाया. वाट्या, कोन, छर्रे सगळं एकदम बदलायचं. गोल पूर्ण ठासून भरायचा नाही, जरा मोकळीक हवी. नाहीतर छर्रे एकमेकांवर घासतात.

मग येतो टेपर रोलरचा मोह. हेन्री टिमकेन यांचं पेटंट 1898 चं, म्हणजे कल्पना नवी नाही. छर्रा वाटीला जवळजवळ एका ठिपक्यावर टेकतो. रोलर आखी रेघभर टेकतो, त्यामुळे दणका पसरतो. सत्तरच्या दशकातल्या बीएमडब्ल्यू बॉक्सर गाड्यांत कारखान्यातूनच टेपर असत. नॉर्टनने मात्र त्याच सुमारास कमांडोला सीलबंद बॉल बेअरिंग दिली आणि आवळण्याची कटकटच काढून टाकली.

टेपर घालावेत, असंच माझं मत. पण खरी मेख बसवण्यात आहे. टेपरची उंची जुन्या सेटपेक्षा वेगळी निघाली, तर टी वर किंवा खाली सरकते आणि लेथवाल्याकडून वॉशर करून घ्यावा लागतो. म्हणून आधी व्हर्नियर, मग खरेदी. नवी वाटी हातोड्याने तिरकी ठोकण्यापेक्षा जुनी वाटी तासून तिच्यावर ठेवावी आणि सरळ दाबून बसवावी. फ्रेममध्ये घट्ट रुतलेली जुनी वाटी निघत नसेल, तर तिच्या आतल्या अंगाला वेल्डिंगचा टाका फिरवतात. थंड होताना ती आकसते आणि सुटते.

‘मूळपण गेलं’ ही तक्रार मला पटत नाही. टेपर बाहेरून दिसत नाहीत आणि हवं तेव्हा परत काढता येतात. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. तिथेही अट आहे ती चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसण्याची. बेअरिंग त्यात कुठे बसतं?

आवळताना आधी जरा जास्त आवळून, हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून रोलर जागी बसू द्यावेत आणि मग नट सैल करत यावं. वायरी-केबलींचा अडसर नसताना हँडलला मध्यावरून बोटाने ढकललं, की ते आपल्या वजनाने टोकापर्यंत पडलं पाहिजे. वरचा चेकनट कसला की आतलं माप पुन्हा हलतं, म्हणून तो कसल्यावर हीच परीक्षा परत घ्यायची. आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर आणखी एकदा, कारण नव्या वाट्या तोवर बूड टेकून बसलेल्या असतात आणि कोन थोडा सैल झालेला असतो.