चारच तर भोकं पाडायचीत!

मार्च संपत आला की अमरावती-अकोल्यात माळ्यावरचे कुलर खाली उतरतात. गवत बदललं जातं, पंप तपासला जातो आणि खिडकीबाहेर स्टँड बसवायचा असेल तर दिवसाच्या भाड्यानं मोठं ड्रिल मशीन आणलं जातं. ‘चारच तर भोकं पाडायचीत’ म्हणत घरातलाच कुणीतरी प्लास्टिकच्या खुर्चीवर चढतो.

रोटरी हॅमर हे साधं ड्रिल नव्हे. त्यातला दट्ट्या दाबलेल्या हवेच्या जोरावर बिटला मिनिटाला हजारो ठोके देतो आणि बिट फिरतही असतं. त्यामुळे अंगाचा भार टाकून ते दाबायची गरजच नसते; सरळ आणि घट्ट धरलं की पुरे. विटांच्या भिंतीत फारसं बिघडत नाही. बीम-कॉलममध्ये मात्र बिट सळईत अडकतं, ते थांबतं आणि मशीनच फिरू पाहतं. एका हातानं धरलेलं असेल तर मनगट पिरगळतं, प्रसंगी हाड मोडतं. बाजूचा दांडा त्यासाठीच असतो. तो डब्यातच ठेवून काम करणारे पुष्कळ! गळ्यातला दुपट्टा, सैल बाही, सुती हातमोजे फिरत्या बिटात गुंडाळले जातात, म्हणून तेही नकोत.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात खरी भीती विजेची. कोरडी त्वचा विजेला बराच अडथळा करते. घामानं भिजली की शरीराचा एकूण अडथळा हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० व्होल्टला हजारानं भागा, २३० मिलिअँपिअर येतात. मूठ आवळून सुटेनाशी व्हायला १० ते १५ पुरतात. शंभराच्या घरात हृदयाची लय बिघडू शकते. बनियनवर, अनवाणी, ओल्या ओट्यावर उभं राहून ड्रिल चालवणाऱ्यानं हा हिशेब मनात ठेवावा.

मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी आवरण असतं. अशा मशीनला अर्थिंगची पिन नसते, तो दोष नव्हे. पण भिंतीतली वायर बिटला लागली तर पुढच्या धातूच्या भागात वीज उतरू शकते. म्हणून हात प्लास्टिकच्या मुठींवरच हवेत. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये. त्या खोलीचा एमसीबी बंद करून मशीनला दुसऱ्या खोलीतून वीज द्यावी. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर उत्तम. त्याचं टेस्ट बटण आधी दाबून पाहा. वायर चिकटपट्टीनं जोडलेली दिसली तर मशीन परत करावं. आणि कुलरमध्ये पाणी भरायचं ते भोकं पाडून झाल्यावर.

कुणाला शॉक लागलाच तर आधी मेन स्विच बंद करा, मग हात लावा. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहा. माणूस उठून बसला तरी जोराचा झटका बसला असेल तर ईसीजी काढायला दवाखान्यात न्यावं. बोटावर एवढासा डाग आणि आत स्नायू जळालेला, असं होतं. लघवी चहासारखी काळपट झाली तर मूत्रपिंड धोक्यात असतं. अशा वेळी इर्विन असो की सर्वोपचार, जवळचं मोठं रुग्णालय गाठावं.

भोकातली धूळ तोंडानं फुंकायची सवय वाईट. कण डोळ्यात जातो. गेलाच तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा. खुपत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. चष्मा आधीच घातलेला बरा.

ही धूळ म्हणजे बारीक सिलिका, रेतीतून आलेली. चार भोकांनी घरमालकाचं काही बिघडणार नाही. पण मिस्त्री नि इलेक्ट्रिशियन वर्षानुवर्षं ती ओढत असतात. फुप्फुसात रुतणारे कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि दुपट्ट्यातून सहज आत जातात. त्यासाठी नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो. सिलिकोसिस बरा होत नाही, त्यात क्षयरोगाचा धोका वाढतो आणि एक्स-रेवर दोन्हींत गल्लत होऊ शकते. कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात सिलिका १९९७ पासून आहे. तेव्हा जुना खोकला घेऊन ओपीडीत येणाऱ्या मिस्त्रीनं, कुणी विचारलं नाही तरी, ‘मी भिंती फोडायचं काम करतो’ हे डॉक्टरांना सांगावं.