तोंड आलं, पण कशानं?

पावसाळा सरता सरता वाड्यातली एखादी मेंढी चरायची थांबते. अंग तापतं, नाक गळतं, ओठ सुजतात, तोंडात फोड दिसतात. आठवड्यात आणखी पाच-सहा तशाच. आपण म्हणतो, "तोंड आलंय." पण हे तोंड येणं पीपीआरचं असेल, नीलजिव्हेचं असेल, नाहीतर माव्याचं. तिघांचे विषाणू वेगळे. नुसतं बघून नक्की सांगणं डॉक्टरांनाही अवघड जातं.

नाव कळून करायचं काय? पीपीआर शिंकेतून, शेंबडातून पसरतो, म्हणून आजारी मेंढी लगेच वेगळी बांधायची. नीलजिव्हा बारीक चिलटं चावून पसरते, तिथं नुसतं वेगळं बांधून भागत नाही. मावा तर आपल्या हातावरही उठतो, आणि आजारी कोकराला पाजायचं काम बहुतेक आपल्याकडेच!

कोरोनात नाकात काडी घालून पीसीआर तपासणी व्हायची, तशीच मेंढ्यांचीही होते. नाकातला स्राव किंवा रक्त प्रयोगशाळेत नेतात. प्रत्येक विषाणूच्या जनुकात फक्त त्याचीच अशी एक खूण असते. तेवढाच तुकडा यंत्रात लाखो पटींनी वाढवतात. वाढला, तर तो विषाणू नमुन्यात आहे. काही तासांचं काम.

नीलजिव्हेत मात्र एवढ्यानं भागत नाही. भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ साली आपल्या महाराष्ट्रातूनच झाली. या विषाणूचे वीसहून जास्त प्रकार आहेत आणि एका प्रकारची लस दुसऱ्यापासून नीट वाचवत नाही. आपल्याकडच्या लशीत पाच प्रकार घेतलेत. विषाणूच्या जनुकाचे दहा तुकडे असतात, त्यातल्या दुसऱ्या तुकड्यावरून प्रकार कळतो. साथ त्या पाचांबाहेरची असेल, तर लस टोचूनही मेंढ्या आजारी पडू शकतात. मग लोक लशीलाच नावं ठेवतात. पीपीआरचं बरं आहे. त्याचे चार वंश आहेत, पण एकच लस चारींवर चालते.

नमुना ताप असतानाच घेतलेला चांगला. उन्हात तो खराब होतो, म्हणून बर्फाच्या डब्यातून न्यावा लागतो. हे काम डॉक्टरांचं. आपण दवाखान्यात लवकर कळवायचं. तिथून तो पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवता येतो. मेंढी मेली, तर पुरण्याआधी सांगा. तिच्या शरीरातूनही नमुना घेता येतो.