नावडता भाचा

भाचा म्हटला की मामाच्या घरी त्याचे लाड व्हायचे, ही आपल्याकडची रीत. अमेरिकेतल्या एका भाच्याच्या वाट्याला मात्र चाळीस वर्षांहून अधिक काळ नुसत्या शिव्याच आल्या. त्याचे नाव स्क्रॅपी-डू. स्कूबी-डू या जगप्रसिद्ध भित्र्या कुत्र्याची बहीण रूबी, तिचा हा लेक.

स्कूबीची कार्टून-मालिका हॅना-बार्बेरा कंपनीने १९६९ साली सुरू केली. चार तरुण पोरे, एक कुत्रा, एखादा ओसाड वाडा, आणि शेवटी भुताचा मुखवटा ओढला की आतून कोणीतरी लबाड गृहस्थ निघायचा! दहा वर्षे हेच पाहून प्रेक्षक विटले. एबीसी वाहिनी मालिका बंद करण्याच्या बेतात होती. तेव्हा १९७९ मध्ये जोसेफ बार्बेरा यांच्या डोक्यातून हे टीचभर पिल्लू निघाले. आणि गंमत पाहा, प्रेक्षक परतले! मालिका तरली.

मग राग कशाचा? अहो, स्कूबीची सारी गोडी त्याच्या भित्रेपणात. भूत दिसले की तो आणि त्याचा मित्र शॅगी धूम ठोकणार, आणि आपण पोट धरून हसणार. भाचेबुवांचे सगळेच उलटे. ते मुठी वळून भुताच्या अंगावर धावणार, मला सोडा म्हणून ओरडणार, आणि मामा त्यांना उचलून पळणार. पहिल्या खेपेला हसू येते. दहाव्या खेपेला, खोटे कशाला बोलू, मला त्या कार्ट्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

पण त्याच्यावरचा दुसरा आरोप मला पटत नाही. १९८० पासून फ्रेड, डॅफ्नी आणि वेल्मा यांना गाळून सात-सात मिनिटांच्या गोष्टी निघाल्या. रहस्य पातळ झाले, भुते पुष्कळदा खरीच निघू लागली. हे सारे ठरवले मोठ्यांनी; पाप मात्र पिल्लाच्या माथी!

याच कंपनीच्या ‘फ्लिंटस्टोन्स’मध्येही असेच झाले. १९६५ साली त्या अश्मयुगात ग्रेट गॅझू नावाचा परग्रहावरचा हिरवा बुटका उपटला, आणि १९६६ मध्ये मालिका आटोपली. रोगी मेला की शेवटच्या वैद्याला बोल लावतात ना, तसे गॅझूचे झाले. स्क्रॅपीच्या हातचा रोगी तर जगला होता!

त्याचे बक्षीस त्याला २००२ च्या चित्रपटात मिळाले. कारस्थानामागचा खरा खलनायक कोण, तर यंत्रमानवाच्या पोटातून निघाले हे भाचेबुवा! रूबीबाईंनी तो चित्रपट पाहिला की नाही, देव जाणे.