निवृत्त खेळाडू पुन्हा मैदानात उतरतो तेव्हा





मागच्या स्नेहसंमेलनात आपण माजी विद्यार्थ्यांचा बास्केटबॉल सामना ठेवला होता, हे सर्वांना आठवत असेलच. पहिली दहा मिनिटे फार मजा आली. मग चाळिशीतला आपला एक माजी विद्यार्थी बास्केटखाली उंच उडाला आणि खाली आला तो गुडघा धरूनच बसला. पुढे दोन महिने त्याला काठी घेऊन ऑफिसात जावे लागले. विश्वस्तांच्या बैठकीत हा विषय निघाला आणि काहींचे मत पडले की हा सामना आता बंदच करावा. त्याच आठवड्यात आठवीतल्या एका मुलाने मला विचारले, "मॅडम, रिटायर झालेला माणूस परत खेळतोच कशाला?" तेव्हा घंटा झाली म्हणून उत्तर अर्धेच राहिले. ते आज पूर्ण करते.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. सप्टेंबर 2022 मध्ये रेसकोर्स रोडवरच्या होळकर स्टेडियमवर शनिवार 17 ते सोमवार 19 या तीन दिवसांत रोड सेफ्टी वर्ल्ड सिरीजचे सामने झाले. निरनिराळ्या देशांचे निवृत्त क्रिकेटपटू 'लेजंड्स' या नावाने त्यात खेळत होते आणि भारताच्या संघाचे कप्तान होते सचिन तेंडुलकर, वय वर्षे 49. इंदूरकरांना त्यांचे अप्रूप जास्त, त्याला कारण आहे. 31 मार्च 2001 रोजी इथल्याच नेहरू स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध 139 धावा करताना त्यांनी एकदिवसीय क्रिकेटमधल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या होत्या. असे करणारे ते जगातले पहिले फलंदाज. त्या दिवशी शाळेत अर्धी हजेरी होती आणि उरलेल्या अर्ध्यांचे कान रेडिओकडे होते!

एकवीस वर्षांनी न्यूझीलंडविरुद्धचा सामना सोमवारी होता. पावसाने खेळ थांबला तेव्हा भारताच्या 5.5 षटकांत 1 बाद 49 धावा झाल्या होत्या आणि तेंडुलकर 13 चेंडूंत 19 धावांवर नाबाद होते. सामना तिथेच संपला. तेवढ्यात त्यांनी चेंडू यष्टिरक्षकाच्या बाजूने मागे वळवून मारला, तो फटका पाहून माझ्या शेजारचे एक आजोबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाऊस पडतच होता, पण ते काही खाली बसले नाहीत.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येते. वयाने माणसाचे सगळेच एकदम जात नाही. चेंडू कुठे पडणार हे ओळखणे, बॅट कधी खाली आणायची हे मनगटाला कळणे, या गोष्टी बराच काळ टिकतात. आधी जातो तो वेग. पळून दोन धावा काढणे, चेंडूवर झेप घेणे, उडी मारून परत जमिनीवर येणे हे कठीण होत जाते. म्हणून निवृत्त क्रिकेटपटूंच्या सामन्यात चौकार-षटकार पाहण्यासारखे असतात आणि क्षेत्ररक्षणाकडे जरा डोळेझाक करावी लागते. बास्केटबॉलमध्ये मात्र अशी सवलत नाही. तिथे दर काही सेकंदांनी पळायचे, वळायचे, उडायचे. सगळा भार गुडघ्यावर आणि घोट्यावर.

अमेरिकेत हे लोकांना महागात पडून कळले. तिथल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचा ऑल-स्टार सामना 1951 मध्ये बोस्टनला सुरू झाला. हंगामाच्या मध्यावर सगळ्या संघांतले निवडक खेळाडू एकत्र आणायचे, पूर्व विरुद्ध पश्चिम असे दोन संघ करायचे, आणि गुणतक्त्याशी त्याचा काही संबंध ठेवायचा नाही. पुढे 1984 मध्ये डेन्व्हरला त्याचे शनिवार-रविवारचे संमेलन झाले. शनिवारी बास्केटमध्ये चेंडू कोंबण्याची स्पर्धा आणि जुन्या खेळाडूंचा सामना, रविवारी मुख्य सामना. आपल्याकडे लग्नात आदल्या दिवशी सीमांतपूजन असते, तसेच म्हणा ना.

फेब्रुवारी 1992 मध्ये हे संमेलन ऑर्लँडो शहरात भरले. शनिवारी जुन्या खेळाडूंच्या सामन्यात नॉर्म निक्सन आणि डेव्हिड थॉम्पसन या दोघांच्याही पायाला गंभीर दुखापत झाली. एकाच सामन्यात दोघे! पुढच्या वर्षी तो सामना एकदा झाला आणि मग बंदच पडला. 1994 पासून त्या जागी नवोदितांचा सामना सुरू झाला. म्हणजे आपल्या काही विश्वस्तांचे जे म्हणणे आहे, तेच तिथल्या लोकांनी तीस वर्षांपूर्वी केले.

पण त्याच ऑर्लँडोत दुसऱ्या दिवशी, रविवारी 9 फेब्रुवारीला, जे घडले तेही सांगायला हवे. मॅजिक जॉन्सन या मोठ्या खेळाडूने 7 नोव्हेंबर 1991 रोजी आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे जाहीर करून निवृत्ती घेतली होती. त्या काळी या आजाराबद्दल लोकांच्या मनात भयंकर भीती होती. हात मिळवला तरी रोग लागेल असे मानणारे पुष्कळ होते, आपल्या शहरातही होते. त्या हंगामात एकही सामना न खेळलेल्या जॉन्सनला प्रेक्षकांनी मते देऊन ऑल-स्टार संघात निवडले. काही खेळाडूंनी त्याच्याबरोबर खेळण्याबद्दल शंका काढली. तो खेळला, 25 गुण केले, सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि सामना संपताच दोन्ही संघांच्या खेळाडूंनी त्याला मिठ्या मारल्या. विज्ञानाच्या पुस्तकात 'स्पर्शाने हा रोग पसरत नाही' हे वाक्य मी अनेक वर्षे शिकवले आहे. पण त्या मिठ्या टीव्हीवर पाहिलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागले नसेल.

आपल्या मंडळींचा असा सगळ्यात धावपळीचा आठवडा नोव्हेंबर 2015 मधला. तेंडुलकर 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर निवृत्त झाले होते. दोन वर्षांनी ते आणि शेन वॉर्न जगातले निवृत्त क्रिकेटपटू घेऊन अमेरिकेत गेले. शनिवारी 7 तारखेला न्यूयॉर्क, बुधवारी 11 ला ह्यूस्टन, पुन्हा शनिवारी 14 ला लॉस एंजेलिस. न्यूयॉर्क ते ह्यूस्टन सुमारे 2,300 किलोमीटर, तिथून लॉस एंजेलिस जवळजवळ तेवढेच. तिन्ही मैदाने बेसबॉलची, तिथे खेळपट्टी कुठली असणार? ती बाहेर तयार करून आणून बसवली. तेंडुलकरांचा संघ तिन्ही सामने हरला. लॉस एंजेलिसला त्यांनी स्वतः 56 धावा केल्या, पण वॉर्नचा संघ एक चेंडू राखून जिंकला. वॉर्न 4 मार्च 2022 रोजी वारले. निवृत्त खेळाडूला निवृत्तांत खेळायलाही पुढे वेळ मिळेलच असे नाही.

आणि या सामन्यांत धोका फक्त गुडघ्याचा नसतो. मार्च 2021 मध्ये रायपूरला रोड सेफ्टी सिरीज झाली, 21 तारखेला भारताच्या लेजंड्सनी अंतिम सामना जिंकला, आणि आठवड्याभरात तेंडुलकरांना कोरोना झाल्याचे कळले. संघातले आणखी तिघे आजारी पडले.

हौस किती असावी, याचे उदाहरण इंदूरचेच आहे. भारताचे पहिले कसोटी कप्तान कर्नल सी. के. नायडू यांना होळकर दरबाराने इथे आणले, आणि त्यांनी होळकर संघाला रणजी करंडक जिंकून दिला. 1963-64 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, ते मदतनिधीच्या एका सामन्यात खेळले. तो त्यांचा शेवटचा प्रथम श्रेणीचा सामना. आपल्या माजी विद्यार्थ्यांत इतके वय कोणाचेच नाही, हे विश्वस्तांनी लक्षात घ्यावे.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. इंदूरची ती सिरीज रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी होती. सरकारी आकड्यांप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली, त्यातली पन्नास हजार दुचाकीवर हेल्मेट नसलेली. मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे, म्हणून तेंडुलकरांनी 2017 मध्ये केरळात रस्त्यावरच दुचाकीस्वारांना समजावले होते. आणि त्या सोमवारी स्टेडियममधून बाहेर पडताना मी काय पाहिले? एका गाडीवर तिघे, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही, हातात मात्र तिरंगा. आपल्या भंवरकुआं चौराह्यावर सकाळी सात वाजता शाळेचा गणवेश घातलेली मुले अशीच दिसतात. मूल अठराच्या आत असून गाडी चालवताना सापडले तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहिले.

तर विश्वस्त मंडळासमोर मी असा प्रस्ताव ठेवत आहे. माजी विद्यार्थ्यांचा सामना बंद करू नये. पूर्ण सामन्याऐवजी सात-सात मिनिटांचे दोन डाव खेळावेत, दर तीन मिनिटांनी खेळाडू बदलावेत, आधी वीस मिनिटे शरीर गरम करणे सक्तीचे असावे, आणि चाळिशीच्या वरच्यांसाठी उडी न मारता टोपलीत चेंडू टाकण्याची वेगळी स्पर्धा ठेवावी. मागच्या वर्षी दुखापत झालेले आपले माजी विद्यार्थी पंच म्हणून यायला तयार आहेत. दुचाकीवरून येणाऱ्या खेळाडूचे नाव फाटकावर हेल्मेट पाहूनच यादीत लिहिले जाईल, मागे बसून आलेल्याचेही. नावे क्रीडाशिक्षकांकडे द्यावीत.