रविवारची उपासना आणि सोमवारचा तराजू

नगर भागातली जुनी ख्रिस्ती माणसे चर्चला 'देऊळ' म्हणत आणि तिथे जे चालते त्याला 'उपासना'. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. उप म्हणजे जवळ, आसन म्हणजे बसणे. देवाच्या जवळ जाऊन बसायचे, ती उपासना. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसते? रविवारी घंटा होते, मंडळी जमते, गायन होते (आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्यांमुळे ते अभंगाच्या वळणाचेही असते), मग शास्त्रवाचन, उपदेश, प्रार्थना, दान आणि आशीर्वाद. तास-दीड तासात सारे आटोपून माणसे घरी जातात. पण देवाजवळ बसलेला माणूस तिथून उठला की कोणाजवळ जाऊन बसतो, हा खरा प्रश्न आहे.

ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात आमोस नावाचा संदेष्टा होऊन गेला. मूळचा तकोवा गावचा मेंढपाळ. त्याने आपल्या काळच्या व्यापाऱ्यांचे मोठे झोंबरे चित्र काढले आहे. ही मंडळी शब्बाथ पाळीत, दुकान उघडीत नसत. पण मनात एकच घोर, हा पवित्र दिवस संपतो कधी आणि आपण धान्य विकायला बसतो कधी! विकण्याचे माप लहान, गिऱ्हाइकाची चांदी तोलण्याचे वजन जड आणि गव्हात कोंडा मिसळलेला. बघा, शब्बाथाचा नियम त्यांनी मोडला नव्हता. शरीर उपासनेत होते, भक्ती मात्र बाजारात होती. आमोस म्हणतो, देवाला अशांची गाणीसुद्धा नकोशी होतात.

आम्हा ख्रिस्ती लोकांना वाटते, आपण मूर्तीपुढे वाकत नाही, तेव्हा दहा आज्ञांपैकी पहिली आपण पाळलीच. येशूने मात्र देवाचा प्रतिस्पर्धी म्हणून नाव घेतले ते पैशाचे. दोन्ही धन्यांची चाकरी एकदम होणार नाही, असे त्याने साफ सांगितले. पोटासाठी कमावणे म्हणजे पैशाची पूजा नव्हे. तो स्वतः सुतारकाम करीत असे. पण विश्वास ठेवण्याजोगी शेवटची जागा म्हणून माणूस पैशाकडे पाहू लागला की त्याचा देव बदलला. मानमरातब, घराण्याची अब्रू, मुलांची प्रगती ह्यांचेही असेच होते, आणि ह्या चांगल्या गोष्टी असल्यामुळे ते लवकर ध्यानातही येत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात एक सूचना आहे. आपण ती फार सहज वाचून जातो. तू वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तुला तिथे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. हे शब्द ऐकणारे लोक गालीलातले. वेदी यरुशलेमच्या मंदिरात, म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तीन-चार दिवसांची पायपीट करून माणूस पोहोचला आहे, अर्पणाचा पशू बरोबर आहे, आणि त्याला सांगितले जाते, परत जा! जाऊन-येऊन आठवडा गेला म्हणा ना. ऐकणारे चमकले असतील. आणखी एक खोच पाहा. तुझ्या मनात त्याच्याविषयी राग असेल तर, असे ते वाक्य नाही. त्याची तुझ्याविषयी तक्रार असेल तर, असे आहे. म्हणजे ज्याची मजुरी आपण थकवली तो मजूर, ज्याचा बांध कोरला तो शेजारी, जिला टोचून बोललो ती सून. देव वेदीजवळ थांबायला तयार आहे, ह्या माणसांना थांबवायचे नाही.

मंडळीने ही गोष्ट उपासनेच्या क्रमातही गोवली आहे. १६६२च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात, जे दोघे एकमेकांचा द्वेष करीत असतील त्यांना समेट होईतो प्रभुभोजनाला घेऊ नये, अशी पाळकाला सूचना आहे. दक्षिण भारतातील मंडळीने १९५०च्या आपल्या उपासनाक्रमात केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांची जुनी रीत घेतली. अर्पणे आणण्यापूर्वी शांतीचे अभिवादन वेदीपासून निघते. एकाने दुसऱ्याचे हात आपल्या हातांत घ्यायचे, त्याने पुढच्याचे, असे करीत ते शेवटच्या माणसापर्यंत जाते. रीत फार सुंदर आहे. पण आपण माणसे मोठी हुशार! ज्याच्याशी बोलणे बंद आहे, तो कुठल्या बाकावर बसतो हे आत शिरतानाच पाहून घेतो आणि आपण दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो.