बोटांनी वाचायचा ‘क’

मराठीचा ‘क’ आणि कन्नडचा ‘क’ दिसायला किती वेगळे, हे हुबळी-धारवाडात दुकानांच्या पाट्या वाचत मोठं झालेल्यांना सांगायला नको. पण ब्रेलमध्ये हे दोन्ही ‘क’ अगदी एकच आहेत : सहा टिंबांपैकी पहिलं आणि तिसरं. पूर्वी देशात निरनिराळ्या ब्रेल लिप्या चालत. १९५१ साली ‘भारती ब्रेल’ ठरली आणि भारतीय भाषांमधल्या सारख्या उच्चाराच्या अक्षरांना सारखी टिंबं मिळाली.

अपंग मुलांच्या शिक्षणाचा इतिहास शाळांच्या इमारतींचा आहे असं वाटतं. मला तो भाषेचा वाटतो. मूल ज्या रीतीने शिकू शकतं, ती रीत शाळा स्वीकारते का, हा त्यातला खरा प्रश्न.

धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणून सुरुवात मुंबईपासून. १८८०च्या दशकात बिशप लिओ म्युरिन यांनी तिथे कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली. भारतातली ती पहिली मानली जाते. १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईतच अंध मुलांची शाळा सुरू केली. आपल्या शेजारी गदगला (१९९७ पर्यंत ते धारवाड जिल्ह्यातच होतं) पंचाक्षरी गवई स्वतः अंध होते, तरी अंध आणि गरीब मुलांना गाणं शिकवत. त्यांचे अंध शिष्य पुट्टराज गवई यांनी वीरेश्वर पुण्याश्रमात ते काम पुढे नेलं. तिथे कान हेच पुस्तक होतं.

कर्णबधिर मुलांची भाषा मात्र बराच काळ नाकारली गेली. १८८० मध्ये मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी ठरवलं, की या मुलांना तोंडी बोलूनच शिकवायचं. मग कितीतरी देशांत खुणांची भाषा वर्गाबाहेर गेली.

भारतात कोठारी आयोगाने (१९६४-६६) अपंग मुलांना शक्य तितकं नेहमीच्या शाळेत आणा, असं सांगितलं. १९७४ मध्ये त्यासाठी केंद्राची योजना आली. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व नोंदलं आहे. कायद्याने ठरवलेल्या प्रमाणात अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा, हवी ती निवडून मोफत शिकता येतं. ब्रेल आणि खुणांची भाषा यांचाही त्यात उल्लेख आहे.

पण नुसतं वर्गात बसवलं म्हणजे सामावून घेतलं, असं होत नाही. सर फळ्याकडे तोंड करून बोलत असतील, तर ओठ वाचणारं मूल पहिल्या बाकावर बसूनही एकटंच राहतं. विशेष शाळांनी जपलेलं ज्ञान नेहमीच्या वर्गात आलं, तरच दार खरं उघडेल.

आपण तर घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी बोलणारी माणसं. आणखी एक भाषा आपल्याला जड जाऊ नये. सुरुवात या अंकापासूनच करूया. आपण कविता छान सजवून चित्र म्हणून टाकतो. अंध वाचकाच्या फोनमधला स्क्रीन रीडर बऱ्याचदा ते चित्र ओलांडून पुढे जातो. त्याच कवितेखाली तिचे शब्द साधे टाइप करून द्यायला पाच मिनिटं लागतात.